औद्योगिक ईथरनेट माहिती-विनिमय

यंत्राची गती नियंत्रित करणारा गतिनियंत्रक आणि यंत्रसमूहाच्या कार्याचा क्रम ठरविणारा प्रोग्रॅमक्षम तर्कनियंत्रक (पीएलसी) यांच्यामध्ये ईथरनेट जाळ्यावरून आज्ञा, मोजमापे व स्थितिदर्शक संकेत यांची ठरावीक कालांतराने होणारी देवघेव म्हणजे औद्योगिक ईथरनेट माहिती-विनिमय होय. गतिनियंत्रक हे अनेक अक्षांच्या गती एकत्र सांभाळणारे स्वतंत्र उपकरण असू शकते किंवा विद्युत् चलित्राला शक्ती पुरविणाऱ्या ड्राइव्हमध्येच ते अंतर्भूत असते. दोन्ही प्रकारांत विनिमयाची तत्त्वे सारखीच आहेत. जाळ्यावरून केवळ अंक वाहून नेले जातात. त्या अंकांचा अर्थ, त्यांचे एकक आणि ते येईनासे झाल्यास काय करावयाचे, या तीन गोष्टी दोन्ही नियंत्रकांत आगाऊ व एकसारख्या ठरवून द्याव्या लागतात. या ठरवून देण्याच्या कामाला विनिमयाची जुळणी (कॉन्फिगरेशन) म्हणतात.

क्षेत्रीय पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे शेजारचे तालुके या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहेत, कारण तेथे भिन्न स्वरूपाचे उद्योग जवळजवळ आढळतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२) शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक क्षेत्रे आहेत. रांजणगाव पुणे–अहिल्यानगर मार्गावर असून तेथे मोटारगाड्या, घरगुती विद्युत् उपकरणे व यंत्रभाग यांचे कारखाने आहेत. सुटे भाग उचलणे, दाबणे, वळविणे व जोडणे ही तेथील मुख्य कामे असल्याने गतिनियंत्रणास महत्त्व असते. पुणे–सोलापूर मार्गावरील कुरकुंभ हे मुख्यतः रासायनिक उद्योगांचे क्षेत्र होय. तेथे तापमान, दाब व प्रवाह या सावकाश बदलणाऱ्या राशींचे नियंत्रण अधिक असते व गतिनियंत्रणाचा संबंध मुख्यतः मिश्रक, अपकेंद्रित्रे आणि वेष्टनयंत्रे यांच्याशी येतो. याखेरीज भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील ऊसक्षेत्रामुळे दौंड तालुक्यात पाटस, आलेगाव, पाटेठाण इ. ठिकाणी व शिरूर तालुक्यात न्हावरे येथे साखर कारखाने उभे राहिले. साखर कारखान्यातील खंडित कार्यपद्धतीचे सेंट्रिफ्युगल (अपकेंद्री) यंत्र हे क्रमनियंत्रण व गतिनियंत्रण यांच्या परस्परावलंबनाचे उत्तम उदाहरण असल्याने पुढील विवेचनात त्याचाच आधार घेतला आहे.

इतिहास : १९६० नंतरच्या दशकापर्यंत यंत्रांचा कार्यक्रम रिले या विद्युत् चुंबकीय स्विचांच्या जोडणीने ठरविला जाई. उत्पादनात बदल झाला की, शेकडो तारांची जोडणी बदलावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये मांडलेल्या गरजेतून व रिचर्ड (डिक) मॉर्ली यांच्या गटाच्या कार्यातून मॉडिकॉन ०८४ हा तर्कनियंत्रक तयार झाला. गतिनियंत्रणाची परंपरा वेगळी आहे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये अंकीय नियंत्रणाने चालणारे चक्रीकर्तन यंत्र (मिलिंग यंत्र) दाखविण्यात आले, तेथपासून ती सुरू होते. या दोन परंपरांतील उपकरणे दीर्घकाळ एकमेकांना केवळ सुट्या तारांनी जोडली जात. ‘सुरू’, ‘थांब’, ‘दोष’ अशा प्रत्येक संकेतास एक तार लागे व वेगासारखी राशी ० ते १० व्होल्ट विद्युत् दाबाने अथवा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने दर्शविली जाई.

मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडबस या संदेशनियमावलीमुळे एकाच तारजोडीवरून अनेक अंक क्रमाने पाठविणे शक्य झाले. त्यानंतर प्रोफिबस, डिव्हाइसनेट इ. पद्धती आल्या. ईथरनेटचा जन्म मात्र कचेरीतील संगणकांसाठी झाला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. १९८३ मध्ये त्याचे मानक निश्चित झाले. आरंभीच्या ईथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच केबलवर बोलत. दोन संदेशांची टक्कर झाल्यास दोघांनीही यदृच्छ काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा, असा नियम होता. पत्र पोहोचण्यास थोडा उशीर झाला तर कचेरीत बिघडत नाही; फिरत्या यंत्राला मात्र असा अनिश्चित उशीर चालत नाही. म्हणून कारखान्यांनी ईथरनेट बराच काळ दूर ठेवले. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र जोडणी देणारे स्विच, एकाच वेळी दोन्ही दिशांनी होणारे वहन व सेकंदाला १० कोटी बिटांचा वेग (१९९५) यांमुळे टकरीचा प्रश्न नाहीसा झाला आणि २००० च्या सुमारास मॉडबस टीसीपी, ईथरनेट/आयपी, प्रोफिनेट, पॉवरलिंक व पुढे ईथरकॅट (२००३) या औद्योगिक पद्धती प्रचारात आल्या.

कार्यविभागणी : दोन नियंत्रकांची कामे भिन्न असल्यामुळेच विनिमयाची गरज निर्माण होते. पीएलसी आपली आज्ञावली आरंभापासून शेवटापर्यंत पुनःपुन्हा वाचतो. प्रत्येक फेरीत तो आदाने (बाहेरून आलेले संकेत) वाचतो, तर्क चालवितो व प्रदाने (बाहेर द्यावयाचे संकेत) लिहितो. या फेरीस साधारणतः काही मिलिसेकंद लागतात (१ मिलिसेकंद = सेकंदाचा एक हजारावा भाग). गतिनियंत्रक चलित्राच्या दंडाचा कोन व वेग मोजून इच्छित मूल्याशी त्याची तुलना करतो व फरक भरून काढतो. हे काम त्याला मिलिसेकंदात किंवा त्याहूनही कमी काळात करावे लागते. त्यामुळे ‘काय व केव्हा करावयाचे’ हे पीएलसीने ठरवावे व ‘ती हालचाल कशी करावयाची’ हे गतिनियंत्रकाकडे सोपवावे, अशी विभागणी केली जाते. वेगनियंत्रणाचे बंद चक्रच जाळ्यावरून चालवावयाचे असल्यास ईथरकॅट, सर्कोस यांसारख्या काटेकोर कालबद्ध पद्धती लागतात. केवळ आज्ञा व स्थिती यांची देवघेव करावयाची असल्यास ईथरनेट/आयपी, प्रोफिनेट किंवा मॉडबस टीसीपी पुरेशा होतात.

सेंट्रिफ्युगल यंत्रात ही विभागणी स्पष्ट दिसते. साखरेचे स्फटिक व मळी यांचे मॅसेक्विट नावाचे दाट मिश्रण सच्छिद्र बास्केटमध्ये घेऊन ती वेगाने फिरविली म्हणजे मळी जाळीतून बाहेर फेकली जाते व साखर आत राहते. भरणीच्या वेळी बास्केट मिनिटास सु. २०० फेरे, मळी काढताना १,००० किंवा अधिक फेरे आणि साखर खरवडून काढताना सु. ५० फेरे अशा वेगाने फिरते. एक आवर्तन काही मिनिटांत पूर्ण होते व गाळप हंगामात ते रात्रंदिवस चालू राहते. पूर्वी या कामासाठी ध्रुवसंख्या बदलून ठरावीक वेग देणारी चलित्रे वापरीत. आता विद्युत् पुरवठ्याची कंप्रता बदलून वेग हवा तसा बदलणारे ड्राइव्ह वापरले जातात. भरणीचा दरवाजा, पाण्याचा व वाफेचा फवारा, खरवडणारे पाते (प्लाऊ) व ब्रेक यांचा क्रम पीएलसी सांभाळतो, तर वेग वाढविणे, स्थिर ठेवणे व उतरविणे ही कामे ड्राइव्ह करतो.

या यंत्रात चुकीला किती वाव आहे, हे साध्या गणिताने कळते. बास्केटचा व्यास १.२ मी. व वेग मिनिटास १,००० फेरे धरल्यास तिच्या कडेचा वेग सेकंदास सु. ६३ मी. येतो आणि तेथील द्रव्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सु. ६७० पट प्रेरणा कार्य करते. अशा फिरत्या बास्केटमध्ये पाते शिरले, तर पाते, बास्केट व जवळपासची माणसे या सर्वांनाच धोका पोहोचतो. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३० व्या कलमात शक्तीवर फिरणाऱ्या पात्र, पिंजरा, बास्केट, चक्र इत्यादींचा सुरक्षित परिघीय वेग ओलांडला जाऊ नये, यासाठी परिणामकारक उपाय योजण्याची तरतूद स्पष्टपणे केलेली होती.

संदेशाची रचना : ईथरनेटवरील प्रत्येक संदेश फ्रेमच्या रूपाने जातो. तीत प्राप्तकर्त्याचा व प्रेषकाचा प्रत्येकी ६ बाइटांचा पत्ता, संदेशाचा प्रकार दर्शविणारे २ बाइट, ४६ ते १,५०० बाइटांचा मजकूर व शेवटी दोष ओळखण्यासाठी ४ बाइटांचा तपास-अंक असतो (१ बाइट = ८ बिट). सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची असते. पुढील पूर्वसंकेत व मागील मोकळी जागा धरून तिला ८४ बाइटांचा, म्हणजे सेकंदाला १० कोटी बिटांच्या वेगाने केवळ ६.७२ मायक्रोसेकंदांचा काळ लागतो. यावरून केबलमध्ये होणारा उशीर नगण्य असतो, हे लक्षात येते. प्रत्यक्ष उशीर मुख्यतः दोन्ही टोकांच्या नियंत्रकांत होतो.

विनिमयाचे दोन प्रकार आहेत. चक्रीय विनिमयात ठरलेल्या आकाराचा माहितीचा गठ्ठा ठरलेल्या कालांतराने, कोणीही न मागता, पाठविला जातो. वेग, आज्ञा, स्थिती इ. सतत लागणारी माहिती या मार्गाने जाते. एखादा गठ्ठा हरवला तर तो पुन्हा मागितला जात नाही, कारण त्यानंतरचा गठ्ठा अधिक ताजा असतो. मागणीनुसार विनिमयात एका नियंत्रकाने प्रश्न विचारावयाचा व दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे, अशी पद्धत असते. चलित्राची नियत मूल्ये, दोषांची नोंद, प्रवेगाचा काळ इ. क्वचित लागणारी माहिती या मार्गाने घेतली जाते. ज्या माहितीवर यंत्राची पुढील हालचाल अवलंबून आहे, ती या दुसऱ्या मार्गावर टाकू नये, असा संकेत आहे.

जुळणीचे टप्पे : पहिला टप्पा पत्ते ठरविण्याचा. प्रत्येक उपकरणास जाळ्यावर एकमेव असा आयपी पत्ता द्यावा लागतो (प्रोफिनेटमध्ये याखेरीज उपकरणाचे नावही द्यावे लागते). यंत्राच्या जाळ्यात हे पत्ते कायमचे ठरवून देतात. ते आपोआप वाटले जाऊ देत नाहीत. एकच पत्ता दोन उपकरणांना गेल्यास विनिमय मधूनमधून खंडित होतो व असा दोष शोधणे अवघड जाते. दुसऱ्या टप्प्यात उपकरणाची वर्णन-संचिका पीएलसीच्या आज्ञावली-साधनात भरली जाते. उपकरणाचा प्रकार, त्याची आवृत्ती व तो कोणत्या आकाराचे गठ्ठे देऊ-घेऊ शकतो, ही माहिती उत्पादकाने तीत दिलेली असते. तिसऱ्या टप्प्यात जोडणी निर्माण करून दोन्ही दिशांच्या गठ्ठ्यांचे आकार व कालांतर ठरवितात. एका बाजूस ८ व दुसऱ्या बाजूस १० बाइट ठरविले गेल्यास जोडणी नाकारली जाते. हा दोष लगेच दिसतो म्हणून तो तितकासा घातक नाही. आदान व प्रदान हे शब्द सापेक्ष आहेत, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते. पीएलसीचे प्रदान ते ड्राइव्हचे आदान होय.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा टप्पा माहितीच्या नकाशाचा आहे. गठ्ठ्यातील कोणत्या जागी कोणती राशी कोणत्या एककात ठेवावयाची, हे त्यात लिहिलेले असते. सेंट्रिफ्युगल यंत्रासाठी असा नकाशा उदाहरणादाखल पुढील कोष्टकात दिला आहे (१ शब्द = १६ बिट).

| शब्द | ड्राइव्हकडून पीएलसीकडे | पीएलसीकडून ड्राइव्हकडे |
|---|---|---|
| ० | स्थिती-बिटे : सज्ज, चालू, दोष, वेग गाठला | आज्ञा-बिटे : चालू, थांब, दोष पुसा |
| १ | प्रत्यक्ष वेग (फेरे प्रति मिनिट) | इच्छित वेग (फेरे प्रति मिनिट) |
| २ | चलित्राचा प्रवाह (०.१ अँपिअर) | वेग बदलण्याचा काळ (०.१ सेकंद) |
| ३ | चालता गणक | चालता गणक |

नकाशातील चुका : जोडणी सुरळीत असूनही नकाशा चुकल्यास दोन्ही नियंत्रक कोणताही दोष दाखवीत नाहीत, म्हणून या चुकांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्यांचे प्रमुख प्रकार तीन आहेत. (१) बाइटांचा क्रम : काही पद्धतींत (उदा., मॉडबस) मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी पाठवितात, तर काहींत (उदा., ईथरनेट/आयपी) लहान स्थानमूल्याचा. १,००० हा अंक ३ व २३२ अशा दोन बाइटांत मावतो (३ × २५६ + २३२). क्रम उलटल्यास तो ५९,३९५ होतो आणि चिन्हांकित अंक म्हणून वाचल्यास −६,१४१ दिसतो. असे मूल्य अशक्य कोटीतील असल्याने चूक सहज उघडकीस येते. (२) एकक : ड्राइव्ह वेग पूर्ण फेऱ्यांत पाठवीत आहे आणि पीएलसी तो दशांश फेऱ्यांत आहे असे समजत आहे, अशी कल्पना करावी. बास्केट मिनिटास ५०० फेरे या वेगाने फिरत असताना आलेला ५०० हा अंक पीएलसी ५०.० असा वाचील. खरवडणीसाठी हाच योग्य वेग असल्याने पाते आत घालण्याची आज्ञा दिली जाईल. येथे अंक बरोबर आला, वेळेवर आला, तपास-अंकही जुळला. तरीही अर्थ दसपट चुकला. संभाव्य वाटणारी चूक ही अशक्य वाटणाऱ्या चुकीपेक्षा अधिक धोक्याची असते. (३) विसंगत भाग : ३२ बिटांची स्थानदर्शक राशी दोन शब्दांत विभागून पाठविली असता एक शब्द जुन्या व दुसरा नव्या मोजणीचा वाचला जाऊ शकतो. मोजणी ६५,५३५ वरून ६५,५३६ वर जाण्याच्या क्षणी असे झाल्यास वाचन ० किंवा १,३१,०७१ येते. यासाठी संपूर्ण गठ्ठा एका वेळी नक्कल करून मगच त्याचा उपयोग करावा लागतो.

आज्ञा देताना परस्पर पोचही ठरवावी लागते. पीएलसीने ‘सुरू’ हे बिट एका फेरीपुरतेच उचलले व विनिमयाचे कालांतर त्या फेरीपेक्षा मोठे असले, तर ती आज्ञा पाठविलीच जात नाही. म्हणून आज्ञा-बिट उचललेले ठेवावे, गतिनियंत्रकाकडून ‘आज्ञा मिळाली’ असे बिट आल्यावरच ते खाली करावे आणि ‘काम पूर्ण’ हे बिट स्वतंत्रपणे पाहावे, अशी रीत आहे.

कालांतराची निवड : शक्य तितके लहान कालांतर निवडावे, हा समज बरोबर नाही. कालांतर लहान केले की, प्रत्येक उपकरणावरील व स्विचवरील भार वाढतो आणि नियंत्रकाचा काळ संदेश हाताळण्यातच जातो. कालांतर यंत्राच्या हालचालीवरून ठरविले पाहिजे. वेष्टनयंत्रातील कागद मिनिटास ६० मी. वेगाने सरकत असल्यास १ मिलिसेकंदात तो १ मिमी. पुढे जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर १० मिमी. एवढा पडतो व छापील खुणेवर कापणी होऊ शकत नाही. अशी कापणी गतिनियंत्रकाकडेच सोपवावी लागते. याउलट सेंट्रिफ्युगलचा वेग उतरण्यास अनेक सेकंद लागतात. तेथे २० मिलिसेकंदांचे कालांतर पुरेसे असते. रासायनिक पात्रातील तापमानासाठी तर एक सेकंदाचे कालांतरही चालू शकते.

एकूण उशिराचा हिशेब सर्वांत प्रतिकूल स्थिती धरून करतात. विनिमयाचे कालांतर २०, पीएलसीची फेरी १० व ड्राइव्हची फेरी ५ मिलिसेकंद आहे असे समजू. यंत्रातील बदल एक गठ्ठा निघून गेल्यावर लगेच घडला, तर तो पुढील गठ्ठ्यासाठी २० मिलिसेकंद थांबेल. पीएलसीची फेरी नुकतीच सुरू झाली असल्यास आणखी १०, तर्क चालण्यास १०, उत्तराच्या गठ्ठ्यासाठी २० व ड्राइव्हच्या फेरीसाठी ५ असे एकूण ६५ मिलिसेकंद लागतील. मिनिटास १,००० फेरे या वेगाने बास्केट तेवढ्यात एका फेऱ्याहून थोडी अधिक फिरलेली असते. जाळ्याचा वेग दसपट केला, तरी या बेरजेत फारसा फरक पडत नाही.

खंड पडल्यावरची स्थिती : केबल तुटणे, स्विचचा वीजपुरवठा जाणे, नियंत्रक थांबणे या घटना कारखान्यात घडतच असतात. त्यामुळे विनिमय बंद पडल्यावर प्रत्येक बाजूने काय करावयाचे, हे जुळणीत लिहावे लागते. ठरावीक संख्येची कालांतरे (सामान्यतः तीन किंवा चार) गठ्ठा न आल्यास जोडणी तुटली असे मानले जाते. २० मिलिसेकंदांच्या कालांतरास चारची मर्यादा लावल्यास हा काळ ८० मिलिसेकंदांचा होतो. त्यानंतर शेवटचे मूल्य धरून ठेवणे, शून्य मानणे किंवा नियंत्रित रीतीने थांबणे यांपैकी एक पर्याय निवडावयाचा असतो. ‘शून्य’ हा पर्याय निर्धोक वाटतो, पण तो नेहमीच तसा नसतो. पीएलसीने हरवलेल्या वेगाची नोंद शून्य अशी केली, तर बास्केट थांबली आहे असा त्याचा समज होईल व पाते आत घालण्याची अट पूर्ण होईल. येथे अंकापेक्षा ‘हा अंक विश्वसनीय आहे काय’ हे सांगणारे बिट अधिक महत्त्वाचे ठरते.

जोडणी जिवंत असूनही माहिती शिळी असू शकते. अनेक उपकरणांत संदेशवहनाचे मंडल व नियंत्रणाचे मंडल वेगळे असते. नियंत्रणाचे मंडल थबकले तरी संदेशवहनाचे मंडल शेवटचे मूल्य इमानेइतबारे पाठवीत राहते. कोष्टकातील चालता गणक यासाठीच आहे. नियंत्रणाच्या प्रत्येक फेरीत तो एकाने वाढतो. समोरच्या नियंत्रकास तो ठरावीक काळात बदललेला दिसला नाही, तर इतर सर्व अंक त्याने अग्राह्य मानावेत.

सुरक्षितता : नेहमीचा माहिती-विनिमय कितीही काळजीपूर्वक जुळविला, तरी माणसाच्या जिवाचे रक्षण केवळ त्यावर अवलंबून ठेवता येत नाही. सेंट्रिफ्युगलमध्ये बास्केटच्या दंडावर स्वतंत्र वेगसंवेदक बसवून त्याची अट पात्याच्या हालचालीत व झाकणाच्या कुलपात थेट तारेने गुंफतात. आणीबाणीचे बटणही असेच स्वतंत्र असते. जाळ्यावरूनच सुरक्षा-संकेत पाठवावयाचे असल्यास प्रोफिसेफ, सीआयपी सेफ्टी यांसारख्या खास पद्धती वापरतात. त्यांत प्रत्येक संदेशास क्रमांक, वेळेची मर्यादा, प्रेषकाची ओळख व अधिक कडक तपास-अंक जोडलेले असतात. मधले जाळे विश्वासार्ह नाही असे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली असते.

बाहेरून होणारा हस्तक्षेप हाही एक धोका आहे. मूळ मॉडबस टीसीपी पद्धतीत संदेश कोणी पाठविला याची शहानिशा होत नाही. जाळ्यावर पोहोचलेला कोणताही संगणक आज्ञा देऊ शकतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने इराणमधील नातान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या अपकेंद्रित्रांना लक्ष्य केले होते. पीएलसीमार्फत ड्राइव्हांची कंप्रता बदलावी व देखरेख करणाऱ्यांना मात्र आधी नोंदविलेली सामान्य मूल्ये दिसावीत, अशी योजना तीत होती. त्यामुळे यंत्रांचे जाळे कचेरीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे, दोहोंमध्ये संरक्षक भिंत (फायरवॉल) घालणे व दुरून देखभाल करण्यासाठी दिलेली वाट काम संपताच बंद करणे आवश्यक ठरते.

प्रत्यक्ष जोडकाम : तांब्याच्या केबलवर दोन उपकरणांतील अंतर १०० मी. पेक्षा अधिक ठेवता येत नाही. त्यापुढे प्रकाशीय तंतू वापरतात. ड्राइव्हपासून चलित्राकडे जाणाऱ्या केबलींमधून तीव्र विद्युत् गोंगाट उत्पन्न होतो. म्हणून संदेशवहनाच्या केबली त्यांच्याबरोबर एकाच मार्गाने नेत नाहीत, त्यांना धातूचे आवरण असते व ते योग्य रीतीने भूयोजित करतात. साखर कारखान्यातील वाफ, मळीचे शिंतोडे व धूळ यांत कचेरीतील साधे जोड गंजतात किंवा सैल होतात. तेथे आटे असलेले जलरोधी जोड वापरणे योग्य होय.

तपासणी व नोंद : जुळणी पूर्ण झाल्यावर केवळ ‘जोडणी झाली’ हा हिरवा दिवा पाहून काम संपत नाही. रिकामे यंत्र मंद वेगाने फिरवून पडद्यावरील वेग हाती धरण्याच्या वेगमापकाशी ताडून पाहावा. हे किमान दोन वेगांवर करावे, कारण एकाच वेगावरची जुळणी योगायोगाने बरोबर ठरू शकते. त्यानंतर यंत्र रिकामे असतानाच केबल मुद्दाम काढून, पीएलसी थांबवून व ड्राइव्हचा पुरवठा तोडून प्रत्येक वेळी यंत्र ठरल्याप्रमाणे वागते काय, हे पाहावे व लागलेला काळ लिहून ठेवावा.

कारखान्यात यंत्रे निरनिराळ्या उत्पादकांची असतात आणि त्यांची जुळणी पुष्कळदा बाहेरचे तंत्रज्ञ करून जातात. पुढील वर्षानुवर्षांची देखभाल मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अथवा तंत्रनिकेतनांतून शिकलेल्या स्थानिक विजतंत्रींकडे व पर्यवेक्षकांकडे येते. नादुरुस्त ड्राइव्ह काढून नवा बसविताना त्याची आवृत्ती वेगळी असल्यास एककेही वेगळी असू शकतात. हंगामाच्या ऐन मध्यात, रात्रपाळीत, असा बदल करणाऱ्यास नकाशा उपलब्ध नसेल, तर यंत्र चालू होणे एवढाच त्याच्यापुढे पुरावा उरतो व वर वर्णिलेल्या एककाच्या चुकीत यंत्र चालूच होते. यासाठी पत्त्यांची यादी, माहितीचा नकाशा, एकके, कालांतरे, खंड पडल्यावरची ठरविलेली स्थिती व आज्ञावलीची शेवटची प्रत ही सर्व त्या यंत्राच्या नियंत्रणपेटीतच, कामगारांना समजेल अशा भाषेत ठेवावीत आणि प्रत्येक बदलानंतर वेगाची प्रत्यक्ष तपासणी पुन्हा करावी.